सातारा ते पुणे, रविवार संध्याकाळ: सुरूरच्या पुढची बिनकारणाची कोंडी

साडेपाचला वाढे फाटा सोडला. आनेवाडी टोलनाक्यावर रांग होती, पण तिचं कारण डोळ्यांसमोर होतं: बूथ जास्त, पुढे लेन कमी. पाचवड, भुईंज आरामात मागे पडले. सुरूर ओलांडलं आणि समोर लाल दिव्यांची माळ! वीस मीटर सरका, थांबा, परत सरका. खंबाटकीचा बोगदा संपताच रस्ता मोकळा. ना अपघात, ना उलटलेली उसाची ट्रॉली.

घडतं ते असं. सुरूर फाट्यावर वाई-महाबळेश्वरची परतीची गर्दी हायवेला मिळते आणि रस्ता काठोकाठ भरतो. पुढे बोगद्याआधी चढ. भरलेला ट्रक थोडा मंदावतो. मागच्याला ते कळायला सेकंदभर जातो, म्हणून तो ब्रेक जरा जास्त दाबतो. त्याच्या मागचा आणखी जास्त. असं होत होत मागे कुणीतरी चक्क थांबतो. तोवर ट्रक बोगद्यापार. थांबण्याची ही लाट ताशी १५-२० किमीने उलटी, साताऱ्याकडे सरकते. म्हणजे ५ किमी मागे अडकलेला माणूस १५-२० मिनिटांपूर्वीच्या ब्रेकची शिक्षा भोगत असतो.

२००८ मध्ये जपानी संशोधकांनी हे प्रयोगातून दाखवलं. २३० मीटरचा गोल रस्ता, २२ गाड्या, सगळ्यांना ताशी ३० किमीचा वेग. ना चढ, ना फाटा. थोड्याच वेळात कोंडी! तिथे शिव्या घालायला ट्रकसुद्धा नव्हता.

या वाटेने येणार असाल तर चहा, बाथरूम सुरूरच्या आधीच उरका. पुढच्या गाडीशी दोन सेकंदांचं अंतर ठेवा: ताशी ६० ला साधारण ३३ मीटर, २० ला ११. मध्ये कुणी घुसेल, घुसू द्या. एक गाडी घुसली की आपले दोनेक सेकंद जातात. दहा घुसल्या तरी वीसच. पुढे लाल दिवे दिसले की ब्रेकआधी ॲक्सिलरेटर सोडा. गाडी गिअरमध्येच हळू होते, आपला ब्रेकलाइट लागत नाही आणि मागचा दचकत नाही. लेन बदलू नका. प्रत्येक बदल दुसऱ्या लेनमध्ये नवा ब्रेक पेरतो.

चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरण्याची खोड मोडा. प्लेट जळल्याचा वास येतो तेव्हा खर्च होऊन गेलेला असतो. हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा, पुढे तीन-चार गाड्यांची जागा झाली की एकदाच निघा. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू द्या. तापमानाचा काटा चढला तर एसी बंद.

बोगद्याच्या तोंडाशी अंधाराला बिचकून बरेच जण ब्रेक मारतात. हेडलाइट आधीच लावा, गॉगल काढा, वेग बाहेरच कमी करून आत एकसारखा ठेवा. बाहेर पडल्यावर मोकळा रस्ता पाहून पाय दाबावासा वाटतो, पण लगेच उताराचं एस वळण आहे. ते संपेपर्यंत तिसरा गिअर आणि ओव्हरटेक नाही.