गेलांचा किनारा: कार्नासरी ते डनॅड

स्कॉटलंडच्या पश्चिमेला आर्गाइल नावाचा प्रदेश आहे. या नावाचा अर्थच ‘गेलांचा किनारा’. गेल म्हणजे स्कॉटलंड-आयर्लंडमधले गेलिक बोलणारे लोक. ओबानहून दक्षिणेकडे निघालेली बस किल्मार्टिन गावात थांबते. इथे उतरणारे बहुतेक जण शेतांमधले प्रागैतिहासिक उभे दगड आणि थडगी पाहायला आलेले असतात. मी आले होते गेलिक भाषेसाठी.

गावाच्या उत्तरेला दोनेक किलोमीटरवर कार्नासरीचा किल्ला आहे. छप्पर गेलंय, पण भिंती अजून ताठ उभ्या आहेत. दारावर गेलिक ओळ कोरलेली आहे. कॅम्पबेल घराण्याच्या प्रमुखाच्या पाठीशी देव असो, असा तिचा आशय. इथे राहणाऱ्या जॉन कार्सवेल या धर्माधिकाऱ्याने स्कॉटिश धर्मसुधारक जॉन नॉक्सचं प्रार्थनापुस्तक गेलिकमध्ये आणलं आणि 1567मध्ये ते एडिंबरोत छापलं गेलं. कोणत्याही गेलिक भाषेतलं हे पहिलं छापील पुस्तक. इतरांच्या भाषा छापल्या जातात, आमची मात्र कधीच छापली गेली नाही, अशी खंत त्याने प्रस्तावनेत मांडली आहे. त्यात ‘आमची’ म्हणजे स्कॉटलंड आणि आयर्लंड, दोन्हीकडच्या गेलांची. कवी आणि विद्वान तेव्हा समुद्राच्या दोन्ही बाजूंना एकच साहित्यभाषा वापरत. त्या दारापाशी मी बराच वेळ रेंगाळले.

डनॅड किल्मार्टिनच्या दक्षिणेला आहे. सपाट दलदलीतून अचानक वर आलेला हा खडकाळ टेकाड सहाव्या-सातव्या शतकात दाल रिआदा या गेलिक राज्याचं महत्त्वाचं ठाणं होता. वर खडकात पावलाचा ठसा कोरलेला आहे. नवा राजा त्यात पाय ठेवून राज्य स्वीकारत असे, असं मानतात. मूळ ठसा जपण्यासाठी त्यावर प्रतिकृती बसवली आहे. मीही त्यात पाऊल ठेवून पाहिलं.

साधारण 500च्या सुमारास फर्गस नावाचा राजा आयर्लंडहून आला आणि त्याच्याबरोबर गेलिक इथे आली, अशी जुनी कथा. पुरातत्त्वज्ञ युअन कॅम्पबेल यांना मोठ्या स्थलांतराचा पुरावा उत्खननात दिसत नाही. गेलिक समुद्राच्या दोन्ही बाजूंना आधीपासूनच बोलली जात असावी, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. आर्गाइलच्या किंटायर द्वीपकल्पाच्या टोकापासून आयर्लंड जेमतेम वीस किलोमीटर. होडीने जाणाऱ्याला हे पाणी डोंगरवाटांपेक्षा सोपं.

गेलांना आज केल्ट म्हणतात. पण हे केल्ट कोण? ग्रीक-रोमन लेखक हे नाव युरोपच्या मुख्य भूमीवरच्या लोकांना देत. कार्सवेलचे वाचक मात्र केल्ट नव्हे, ‘गेल’ म्हणवले जात. गेलिक, आयरिश, वेल्श आणि फ्रान्समधली ब्रेटन या भाषांचं नातं एडवर्ड ल्हुइड या वेल्श अभ्यासकाने 1707मध्ये तपशिलाने मांडलं, आणि ‘केल्टिक’ हे या भाषाकुळाचं नाव रूढ झालं. गेलिकमध्ये मुलगा ‘मॅक’, वेल्शमध्ये ‘मॅब’. एका शाखेत ‘क’ टिकला, दुसरीत त्याचा ‘प’ झाला आणि पुढे काही ठिकाणी ‘ब’. हे कुळ संस्कृतच्याच मुळाचं असावं, असा अंदाज विल्यम जोन्सने 1786मध्ये कलकत्त्यातल्या भाषणात बोलून दाखवला होता. गेलिकमधले दोन आणि तीन, म्हणजे ‘दा’ आणि ‘त्री’, मराठी कानाला परके वाटत नाहीत.

नाव उशिरा मिळालं म्हणून केल्टिक ओळखच बनावट आहे, असं काही अभ्यासक म्हणतात. ते मला मान्य नाही. हे नातं ध्वनींमध्ये आहे, नाव मिळण्याआधीपासून आहे. दुकानातल्या गाठींच्या नक्षीच्या लॉकेटवर ते अवलंबून नाही. ते टिकायचं तर भाषा बोलली गेली पाहिजे, आणि काळजी तिथेच आहे. 2022च्या जनगणनेत पश्चिमेकडच्या बेटांवरही गेलिक बोलणारे निम्म्याहून कमी झाले. 2025च्या कायद्याने तिला अधिकृत दर्जा दिला खरा, पण घरातली भाषा कायद्याने परत येत नाही, त्यासाठी त्या बेटांवर तरुणांना घरं आणि नोकऱ्या लागतील.

इथे येणार असाल तर आधी कार्नासरी, मग डनॅड. दलदलीची वाट आहे, बूट चांगले हवेत.