दारं मिटून घेणारा रोबो

रोबो खेळण्यांवर आधारलेल्या एका नव्या अ‍ॅनिमेशन मालिकेवर मी सध्या काम करते. करारामुळे मालिकेचं नाव सांगता येत नाही, पण त्या दिवशी जे घडलं ते सांगायला हरकत नाही. अशा कुठल्याही मालिकेत ते घडू शकतं.

माझं काम रिगिंगचं. मॉडेलिंगवाले पात्राचं शरीर घडवतात आणि आम्ही त्यात सांधे, कणा, कंट्रोल बसवतो, म्हणजे मग अ‍ॅनिमेटर त्याला हलवू शकतो. कळसूत्री बाहुलीला दोरे लावावेत तसंच, फक्त या बाहुलीला देह दोन असतात. एक गाडीचा, एक रोबोचा, आणि दोन्ही एकाच सामानातून उभे करायचे. बोनेट छाती होणार असेल तर छातीतून बोनेट परत निघालंच पाहिजे. चाकं कुठे जातात, डोकं कुठून येतं, या सगळ्याचा हिशेब रिगरकडे असतो.

पडद्यावर हा हिशेब चुकवण्याच्या वाटा पुष्कळ आहेत. एखादा भाग बसत नसेल तर त्याला पंधरा फ्रेममध्ये बारीक करत नेता येतं, दुसऱ्या भागाच्या आरपार घुसवता येतं, किंवा कॅमेरा वळल्याबरोबर गायब करता येतं. १९८४ साली सुरू झालेल्या, रूप बदलणाऱ्या रोबोंच्या ट्रान्सफॉर्मर्सच्या पहिल्या मालिकेत तर सगळं हाताने काढलेलं होतं. तिथे रेषा रेषेत विरघळायची आणि निम्मं काम रूपांतराचा तो प्रसिद्ध आवाज करायचा. मेगाट्रॉन हा अजस्र रोबो दुसऱ्याच्या मुठीत मावेल एवढं पिस्तूल व्हायचा आणि कुणी हरकत घेत नसे. पुढे संगणकावरचं अ‍ॅनिमेशन आलं आणि भाग खरोखर कुठेतरी जावा लागला, नाहीतर लपवावा लागला. २००७ च्या चित्रपटात नायक ऑप्टिमस प्राइमच्या शरीरात १०,१०८ भाग होते. टीव्ही मालिकेला तेवढं परवडत नाही. आमच्या नायकाचं सगळं काम काही शे भागांत उरकावं लागतं, त्यामुळे प्रत्येक भाग दिसतो आणि प्रत्येक लबाडीही दिसते. आणि बघणारा प्रेक्षक तर असा, की त्याच्या हातात तेच खेळणं असतं. चार सेकंदांचा तो शॉट, चोवीसच्या हिशेबाने शहाण्णव फ्रेम, तो पुन्हा पुन्हा लावून बघतो आणि आपल्या हातातल्या खेळण्याशी ताडून पाहतो. मला या प्रेक्षकाची मनापासून काळजी आहे. त्याला फसवलेलं मला चालत नाही.

आमचा नायक म्हणजे बचावकामाची एक छोटी, चौकोनी गाडी. मूळ आराखड्यात त्याचे हात बोनेटखाली दुमडलेले असायचे आणि रोबो झाल्यावर गाडीची दोन दारं पाठीवर पंखांसारखी उभी राहायची. दिग्दर्शकाचा या दारांवर भारी जीव. पात्र घाबरलं की दारं खाली पडायची, आनंदलं की ताठ व्हायची. हा नायक कमी बोलतो, त्यामुळे त्याचं निम्मं बोलणं दारांतूनच व्हायचं. पहिल्या भागाचं ब्लॉकिंग, म्हणजे हालचालींचा कच्चा आराखडा, याच दारांवर झालं होतं, आणि अ‍ॅनिमेटर मंडळींनी त्यात जीव ओतला होता.

त्या सकाळी डेलीजच्या, म्हणजे रोजचं काम एकत्र बघण्याच्या बैठकीच्या, आधी कुरियर आलं. खोक्यात खेळण्याच्या कंपनीने पाठवलेला नवा नमुना होता. करडा, बिनरंगाचा, स्क्रूची भोकं उघडी, खिडक्यांच्या जागी नुसत्या मोकळ्या चौकटी. दिग्दर्शकाने तो गाडीच्या रूपात टेबलावर ठेवला आणि आम्ही व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे कंपनीचे खेळणं घडवणारे डिझायनर होते. त्यांच्या हातात तसाच दुसरा नमुना होता आणि काही न बोलता त्यांनी तो कॅमेऱ्यासमोर उलगडायला सुरुवात केली.

बोनेट वर गेलं, खाली हात नव्हते.

हात बाजूला होते. गाडीची अख्खी कड, दार धरून, तीच आता हात झाली होती. खांदा बाहेर सरकला, टक असा आवाज झाला, कड खाली वळली आणि दार मनगटापासून कोपरापर्यंत हाताच्या बाहेरच्या अंगाला चिकटून राहिलं. पाठ मोकळी. पंख गेले होते.

कारण साधं होतं. खेळणी बाजारात जाण्याआधी सुरक्षा चाचण्यांतून जातात. ठरलेल्या उंचीवरून ती पाडतात, भाग पिळून आणि ओढून बघतात. आमच्या नायकाचा खांदा आणि बोनेट यांना जोडणारी पट्टी फार बारीक होती आणि ती तुटत होती. तुटलेल्या पट्टीचं टोक मुलाच्या बोटात जाणार. ती जाड करायची तर बोनेटखाली जागा नाही. म्हणून हात बाजूला आले. आता पोलादी साचे कापायला घेतले होते. साचा एकदा कापला की त्यात बदल करणं म्हणजे फार मोठा खर्च आणि बराच वेळ. रिग आठवड्याभरात बदलते, पोलाद बदलत नाही. त्यामुळे बदल आम्हालाच करावा लागणार होता.

दिग्दर्शक चिडले. त्यांचं म्हणणं असं, की खेळण्याचे हात कुठूनही येऊ देत, मालिकेत दारं पाठीवरच राहतील. पात्राचा चेहरा काढून घेतल्यावर उरतं काय? कुणी म्हणालं, निदान पहिल्या भागापुरतं जुनं ठेवू. मला दोन्ही बाजू कळत होत्या, पण माझं मत मी सांगितलं. मुलाच्या हातातल्या रोबोच्या पाठीवर दारं नसतील आणि पडद्यावर असतील, तर त्याला वाटेल की आपलं खेळणंच खोटं आहे. पडद्यावरचा रोबो खोटा, असं त्याला कधीच वाटणार नाही. दोष तो स्वतःच्या हातातल्या वस्तूला देईल. तेवढं पाप आपण का घ्यायचं?

वाद तिथेच अडला. आमचे अ‍ॅनिमेशन सुपरवायझर, सगळे त्यांना सर म्हणतात, हे मूळचे कागदावर चित्रं काढणारे. वाद चालू असताना ते टेबलावरचा नमुना घेऊन खुर्चीत बसले होते. त्यांना हात रिकामे चालत नाहीत. त्यांनी रोबोचे दोन्ही दंड पुढे घेतले, कोपरं काटकोनात वाकवली, दंडाचा फिरता सांधा थोडा आत वळवला. पुढचे हात चेहऱ्यासमोर उभे राहिले आणि त्यांना चिकटलेली दारं कडेला कड लागून बंद झाली.

"हे बघा," ते म्हणाले.

रोबोने स्वतःचीच दारं लावून घेतली होती. आणि गंमत पुढे होती. गाडीत असताना खिडकी दाराच्या वरच्या कडेला असते. हात उभा केला की ती कड आत येते, म्हणजे दोन्ही खिडक्या मधोमध, शेजारी-शेजारी, नेमक्या तोंडासमोर. काच अजून बसवलेली नव्हती, त्यामुळे त्या चौकटींतून त्याचे डोळे दिसत होते. तो लपला होता आणि आपल्याकडेच बघत होता. सरांनी डोकं किंचित खाली केलं, कारण दाराचा कोपरा कपाळाला अडत होता. त्या एवढ्याशा झुकण्याने तो पूर्ण लाजाळू झाला.

दिग्दर्शक उठून टेबलाशी आले, त्यांनी नमुना सरांच्या हातातून घेतला आणि स्वतः तीच हालचाल करून पाहिली. मग दारं थोडीशी उघडली. मग एकच उघडलं. "हा आपलाच आहे," ते म्हणाले. कॉलवरचे डिझायनर हसत होते. खरं तर ही हालचाल त्यांनी मुद्दाम ठेवलेली नव्हती. खांद्याला आणि दंडाला जे सांधे मजबुतीसाठी लागले, त्यांतून ती आपोआप निघाली होती.

मला त्या वेळी ट्रान्सफॉर्मर्समधला साउंडवेव्ह आठवला. ट्रान्सफॉर्मर्स जन्मली ती अमेरिकेच्या हॅस्ब्रोने जपानच्या टाकारा कंपनीची दोन खेळणी-घराणी उचलून एकत्र केली तेव्हा: डायक्लोन आणि मायक्रो चेंज. डायक्लोनमधले रोबो मुळात यंत्रं होती, त्यांच्या आत बसायला बोटाएवढे चालक मिळायचे. मायक्रो चेंजमध्ये तर घरातल्या वस्तूच रोबो व्हायच्या. त्यात एक कॅसेट प्लेअर होता, तोच पुढे साउंडवेव्ह झाला. अमेरिकेत बॉब बुडियान्स्की यांनी बहुतेक पात्रांची नावं आणि स्वभाव लिहून काढले, तेव्हा समोर खेळणी तयार होती. मग जो ऐकतो, नोंदवून ठेवतो आणि पोटातून कॅसेटी बाहेर सोडतो, तो हेर नाही तर कोण होणार? त्याच्या पोटातून लेझरबीक पक्षी निघाला, रॅव्हेज हे श्वापद निघालं. त्याच्या शरीराने त्याचा धंदा ठरवला. आजही लहान मुलांना साउंडवेव्ह कळायला गोष्ट सांगावी लागत नाही.

या मालिका म्हणजे अर्ध्या तासाच्या जाहिराती, हा आरोप जुना आहे आणि तो निराधार नाही. अमेरिकेत १९८४ मध्ये टीव्हीवरचे नियम सैल झाले आणि खेळण्यांवरच्या मालिकांचा पूर आला. १९९० च्या कायद्याने मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींना तासाला साडेदहा मिनिटं शनिवार-रविवारी आणि बारा मिनिटं इतर दिवशी अशी मर्यादा घातली. मालिकेतल्याच पात्राच्या खेळण्याची जाहिरात त्या मालिकेच्या मध्ये आली, तर पूर्ण कार्यक्रमच जाहिरात धरला जातो. हे नियम असायलाच हवेत असं मला वाटतं. ट्रान्सफॉर्मर्सच्या १९८६ च्या चित्रपटात जुन्या खेळण्यांची विक्री आवरून नवी पुढे आणायची म्हणून ऑप्टिमस प्राइमला मारलं, आणि मुलांचं रडणं थांबेना. १९८७ मध्ये त्याला मालिकेत परत आणावं लागलं. विकणाऱ्याला तो माल वाटत होता, मुलांना वाटत नव्हता. जी माणसं ही पात्रं घडवतात त्यांनी मुलांच्या बाजूने उभं राहायचं, असा मी याचा अर्थ घेते. आणि मुलांच्या बाजूने उभं राहायचं तर खेळण्याशी प्रामाणिक राहावंच लागतं. ते खेळणं त्यांचं असतं.

दुपारपासून मी रिगला बसले. जुन्या रिगमध्ये दाराचे मालक सारखे बदलायचे: आधी गाडीचा सांगाडा, मग मधली दांडी, मग पाठीचा कणा. प्रत्येक बदलाच्या फ्रेमला दार कणभर उडी मारायचं आणि ती उडी घालवण्यात आमचे किती तास गेले! आता दार कायमचं हाताचं. मालक एकच. मालक बदलणाऱ्या स्पेस स्विचची अख्खी साखळी मी काढून टाकली आणि रिग हलकी झाली. अवघड झालं ते दुसरंच. पुढच्या हाताची लांबी दाराएवढी हवी, कोपर दाराच्या मागच्या फटीवरच यायला हवं, नाहीतर गाडीच्या रूपात कडेला वाकडी रेघ दिसते. मॉडेलमधला हात आखूड होता. मॉडेलिंगची मैत्रीण शेजारीच बसते. तिने हात वाढवला तर बोटं बंपरच्या बाहेर आली. मग नमुना पुन्हा हातात घेऊन पाहिलं. खेळण्यात मूठ मनगटातून आत वळते आणि चाकाच्या मागच्या खोबणीत बसते. करड्या प्लास्टिकमध्ये ती खोबण नखाने चाचपून बघितली, तेव्हा कुठे तिची खोली लक्षात आली. आम्ही तीच खोबण मॉडेलमध्ये कोरली. एकही भाग बारीक केला नाही, एकही लपवला नाही.

डोक्याचा प्रश्न उरला. दारं मिटताना कोपरा कपाळावर आपटत होता. मानेला वेगळा कंट्रोल देऊन मी तो दारांशी बांधला: दारं जेवढी मिटतील तेवढी मान झुकेल. अ‍ॅनिमेटरला हवं तर तो बंद करता येतो. सरांनी बघितलं आणि म्हणाले, बंद कुणी करणार नाही.

रूपांतराच्या शॉटचा क्रमही सरांनी बदलला. आधी छाती, मग हात, आणि सगळ्यांत शेवटी डोकं, ते मात्र मिटलेल्या दारांआड. आपण डोळे पेटायची वाट बघतो आणि ते पेटतात ते खिडकीतून. संध्याकाळच्या रिव्ह्यूला मी प्लेब्लास्ट, म्हणजे झटपट काढलेला कच्चा व्हिडिओ, दाखवला, करड्या रंगातच, खेळण्यासारखा. दिग्दर्शकांनी तो तीनदा लावला आणि लेखकाला फोन केला. दुसऱ्या भागात एक प्रसंग आहे, नायक ज्या मुलीला वाचवतो ती त्याच्याशी बोलायला घाबरते. आधी तो पंख पाडून बसणार होता. आता तो दारं मिटून घेतो आणि ती खिडकीवर टकटक करते.

पंखांवर काम केलेले काही अ‍ॅनिमेटर त्या दिवशी खट्टू होते आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यातला आनंदाने ताठ होण्याचा एक शॉट खरोखर सुंदर होता, तो आता कुठे वापरता येणार नाही. पण पुढच्या पात्राबद्दल आम्ही आधीच बोलून ठेवलं आहे. ते तीन रूपांचं आहे. त्याचं मॉडेल पक्कं होण्याआधी नमुना आमच्या टेबलावर आलाच पाहिजे, रंग नसला तरी चालेल, सांधे मात्र खरे हवेत. कंपनीने होकार दिला आहे आणि सरांनी त्यासाठी खिडकीजवळचं टेबल रिकामं करून घेतलं आहे.