गोदीच्या भिंतीबाहेर सोन्याचा भाव

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत मोठा स्फोट झाला होता; त्याच तारखेला त्याची गोष्ट सांगत फिरवणारा वॉक ठेवला म्हणून हौसेने नाव दिलं, पण त्याच दिवशी आंबेडकर जयंती, दादरला लोकलमध्ये चढायलाच मारामारी, वर दुपारी तीनचं ऊन. बॅलार्ड इस्टेटची सावली तेवढी बरी, पहिल्या महायुद्धात गेलेल्या पोर्ट ट्रस्टच्या माणसांचा स्तंभ बघितला, फोटो काढले, पुढे.

मग पी. डिमेलो रोडला आलो. गोदीत सोडत नाहीत, त्यामुळे फुटपाथवर, ट्रकच्या धुरात उभं राहून भिंतीकडे बघत ऐकायचं. ऐकण्यासारखं होतं हां. १९४४, 'फोर्ट स्टिकीन' बोट व्हिक्टोरिया डॉकमध्ये, पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं आणि कराचीला भरलेल्या कापसाच्या गाठी, हे एकत्र भरायचं कोणाच्या डोक्यात आलं देव जाणे! धोक्याच्या मालाचा लाल बावटाही लावलेला नाही. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला, आणि बोट बुडवायची की समुद्रात न्यायची हे साहेब लोकांचं ठरेपर्यंत ४ वाजून ६ मिनिटं झाली आणि पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाने दुसरा स्फोट, पार सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंद.

तर गाइडने वेळ बरोब्बर साधलेली, पण बोलता बोलता त्याने सोनं काढलं. बोटीत १२४ विटा होत्या, एक तर एका पारशी गृहस्थांच्या घराचं छप्पर फोडून आत पडली आणि त्यांनी ती परत केली. झालं! "परत केली?" म्हणून सगळे हळहळले, चार वाजून सहाला आमच्यातला एकजण मोबाइलवर आजचा भाव काढून १२.७ किलो गुणिले १२४ करत होता, माझा भाचा त्याला मदत करत होता.

अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, आग विझवत असताना. देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्यामुळे. हे एका वाक्यात उरकलं, तेही चालता चालता. मी चिडून विचारलं, भायखळ्याला त्यांचं स्मारक आहे, तिकडे का नाही नेत? तर म्हणे, "मॅडम, लांब पडतं, लोक कंटाळतात."

गोदीच्या धुरात तासभर नाही कंटाळले ते? शेवटी कॅफेत नेलं, तिथला चहा मात्र ज्याचा त्याने द्यायचा. भाच्याला सांगितलंय, रविवारी भायखळा, आणि मोबाइल घरी.