'ओढता येतो' आणि 'ओढण्यासाठी बनवलाय'

परवा एका अमेरिकन पेटंट-अर्जाच्या रिजेक्शनला उत्तर द्यायचं होतं आणि अख्खा दिवस दोन शब्दांत गेला, 'अडॅप्टेड टू'. वस्तू साधीच, नळी कापायचं हातातलं कटर. आमच्या क्लेममध्ये, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतोय ते सांगणाऱ्या वाक्यात, दांडा आपल्याकडे ओढण्यासाठी 'अडॅप्टेड' आहे असं होतं. पेटंट ऑफिसच्या एक्झामिनरने एक जुनं पेटंट पुढे केलं, त्यातला दांडा तळव्याने पुढे ढकलायचा, पण कटर उलटं धरलं तर तोच दांडा ओढताही येतो, मग तुमचं ऑब्वियस, म्हणजे जाणकाराला सहज सुचण्यासारखं.

वाचून पोटात गोळाच आला. कारण 'अडॅप्टेड टू' म्हणजे नुसतं 'तसं करता येण्याजोगं' असा ढिला अर्थही लावला जातो, आणि तो लावला की संपलंच.

मग जुन्या पेटंटची आकृती मोठी करून प्रिंट काढली आणि पेन्सिलीने त्यावर बोटं काढत बसले. दांड्याला तळव्यासाठी खोलगट जागा, बोटं अडकवायला काहीच नाही, आणि उलटं धरलं की पातं सरळ आपल्याच अंगावर येतं! आमच्या स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जातल्या सविस्तर वर्णनात, मात्र चार बोटांसाठी वळवलेला आकडा आहे, बोटं आणि पातं यांच्यामध्ये आडपट्टी आहे. म्हणजे आमचा दांडा ओढण्यासाठीच बनवलाय.

२०१४ च्या जियानेली केसमध्ये अगदी हेच झालं होतं. क्लेम रोइंग मशीनचा, आधीचं पेटंट छातीच्या व्यायामाच्या मशीनचं, पेटंट ऑफिसचं अपील बोर्ड म्हणालं उलटं बसून हँडल ओढता येतं. फेडरल सर्किटने, म्हणजे पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या कोर्टाने, ते उलटवलं. स्पेसिफिकेशन वाचून 'अडॅप्टेड टू'चा अर्थ त्यासाठीच बनवलेलं असा घेतला, आणि प्रश्न ओढता येतं का हा नाहीच, त्या मशीनमध्ये तसा बदल करणं जाणकाराला ऑब्वियस वाटलं असतं का हा आहे म्हणाले. मला हा फरक फार मोलाचा वाटतो, नाहीतर कुठलीही जुनी वस्तू उलटीपालटी धरून कुठलाही शोध मारता येईल.

सर म्हणाले, "अगं, 'कॉन्फिगर्ड टू', म्हणजे 'त्यासाठीच रचलेलं', करून टाक की, वाद मिटेल." मी म्हटलं, "सर, क्लेम आकुंचित करणारा बदल आपणच केला तर फेस्टो केसच्या निकालामुळे पुढे क्लेमच्या शब्दांत न बसणाऱ्या पण समतुल्य वस्तूवर हक्क सांगणं जड जाईल, आणि अर्थ तर आत्ताही तोच आहे." ते बराच वेळ माझी पेन्सिलची बोटं बघत राहिले, मग म्हणाले, "ठीक, पण आडपट्टीचा एक डिपेंडंट क्लेम, मूळ क्लेमवर बेतलेला, घाल."

तो घातला, मूळ क्लेमला हात लावला नाही, आणि रात्री उत्तर गेलं.