एक्सपीची स्वयंचलित डिस्क, आवृत्ती ३: सॉफ्टवेअर नेमकं कधी बसवायचं

फाइलींची नावं आणि आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. डिस्कवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करायच्या.

ही डिस्क विंडोज एक्सपी आणि सोबतचं सॉफ्टवेअर आपोआप बसवते. आवृत्ती ३ चं उद्दिष्ट आधीच्या दोन आवृत्त्यांचंच आहे. इंग्रजी विंडोज एक्सपी प्रोफेशनल, सर्व्हिस पॅक ३. डिस्क घालायची, पार्टिशन निवडायचं आणि उठून जायचं. परत येईपर्यंत डेस्कटॉप तयार आणि त्यावर सेव्हन-झिप, व्हीएलसी, नोटपॅड प्लस प्लस, ऑडॅसिटी, फायरफॉक्स ५२.९ ईएसआर आणि लिब्रेऑफिस ५.४ बसलेलं असलं पाहिजे. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिसच्या या आवृत्त्या मुद्दाम घेतल्या आहेत. एक्सपीवर चालणाऱ्या शेवटच्या मालिका त्याच, पुढच्या बसतच नाहीत. ही सहाही आता बिनबोभाट बसतात. सातवं पॅकेज म्हणजे एका जुन्या स्कॅनरसोबत आलेली सीडी. ते अजून हट्ट करतंय, त्याचं पुढे येईलच.

आधीच्या दोन आवृत्त्यांत सगळा वेळ सायलेंट स्विच (इन्स्टॉलरने काही न विचारता बसावं म्हणून आज्ञेला जोडायचे पर्याय) शोधण्यात गेला. खरी गडबड स्विचमध्ये नव्हतीच. स्विच बरोबर असूनही प्रोग्रॅम चुकीच्या वेळी सुरू होत होते, किंवा आधीचा संपायच्या आत पुढचा सुरू होत होता.

डिस्कची मांडणी

रूटमध्ये, म्हणजे डिस्कच्या सर्वांत वरच्या पातळीवर, आय-३८६ फोल्डर (एक्सपीच्या सेटअपच्या फाइली) आणि त्याच्या शेजारी डॉलर-ओईएम-डॉलर (आपण घातलेल्या फाइली). सीडीवरून बूट करताना हे दोन्ही एकाच पातळीवर लागतात. नेटवर्कवरून करताना डॉलर-ओईएम-डॉलर आय-३८६ च्या आत जातं, आणि जुनी मार्गदर्शनं वाचताना इथेच गल्लत होते. त्याच्या आतलं डॉलर-१ हे सिस्टिम ड्राइव्हच्या रूटवर उतरतं आणि डॉलर-डॉलर हे विंडोज फोल्डरमध्ये. प्रोग्रॅम मात्र डॉलर-१ मध्ये कोंबू नका. तिथलं सगळं हार्ड डिस्कवर कॉपी होतं, वेळ आणि जागा दोन्ही खातं. आवृत्ती ३ मध्ये डॉलर-१ मध्ये फक्त एक बॅच फाइल (ओळीने चालवायच्या आज्ञांची यादी) आहे. इन्स्टॉलर रूटवरच्या ‘ॲप्स’ फोल्डरमध्ये आहेत आणि डिस्कवरूनच चालतात.

एसपी३ ची सीडी स्वतःच ५९० एमबीच्या आसपास भरते. ७०० एमबीच्या सीडीवर उरते जेमतेम ११० एमबी. व्हॅल्यूॲड, सपोर्ट आणि डॉक्स हे फोल्डर उडवले तरी लिब्रेऑफिस मावत नाही. म्हणून थेट डीव्हीडी.

उत्तरांची फाइल

सेटअपच्या प्रश्नांची उत्तरं असलेली विनएनटी डॉट एसआयएफ ही फाइल आय-३८६ मध्ये ठेवायची. डेटा विभागात एमएसडॉस-इनिशिएटेड शून्य, तेही अवतरणचिन्हांत. ऑटोपार्टिशन शून्य ठेवा. एक केलंत तर सेटअप तुम्हाला न विचारता पहिल्या पुरेशा जागेच्या पार्टिशनवर जाऊन बसतो. रीपार्टिशनला ‘येस’ दिलंत तर पहिल्या डिस्कवरची सगळी पार्टिशनं साफ. ती ओळ फाइलमध्ये नसलेलीच बरी.

अनअटेंडेड विभागात मोड ‘फुलअनअटेंडेड’ आणि ओईएम-प्रीइन्स्टॉल ‘येस’. ही दुसरी ओळ विसरलात तर डॉलर-ओईएम-डॉलरकडे सेटअप ढुंकूनही पाहत नाही आणि कुठलीही चूक दाखवत नाही. ‘सगळं बरोबर आहे पण काहीच बसत नाही’ अशी तक्रार असेल तर आधी ही ओळ बघा. टाइमझोन १९० म्हणजे भारतीय प्रमाणवेळ. कॉम्प्युटरनेमला फुली दिली की नाव आपोआप तयार होतं.

प्रॉडक्ट की आणि ॲडमिनचा पासवर्ड या फाइलीत उघडे असतात. म्हणजे ही डिस्क कोणाला ‘जरा दे रे’ म्हणून द्यायची नाही.

मराठीची बाजू

रीजनल सेटिंग्जमध्ये लँग्वेजग्रुपला १ आणि १५ असे दोन आकडे द्या. १५ म्हणजे भारतीय लिप्या. इनपुटलोकेलमध्ये इंग्रजीच्या जोडीला ०४४ई, म्हणजे मराठी.

सिस्टिमलोकेलला मात्र ०४४ई देऊ नका. ते सेटिंग युनिकोड नसलेल्या प्रोग्रॅमसाठी असतं, आणि विंडोजमध्ये मराठीला तसलं कोडपेजच, म्हणजे जुन्या पद्धतीचा अक्षरतक्ताच, नाही. मराठी फक्त युनिकोडमध्ये आहे. तिथे ०४०९ ठेवा, मराठी टायपिंग आणि वाचन व्यवस्थित चालतं. त्याच कारणाने ‘ॲप्स’मधल्या फोल्डरांची नावं रोमनमध्येच हवीत. बॅच फाइलीत देवनागरी पाथ लिहिलात तर कमांड प्रॉम्प्टला तो सापडणार नाही. एनलाइटने (एक्सपीतले नको ते भाग काढणारा प्रोग्रॅम) डिस्क हलकी करत असाल तर भाषांच्या यादीवर सरसकट टिकमार्क मारू नका; तिथे टिक म्हणजे तो भाग काढून टाकणं. नाहीतर १५ दिलेलं असूनही अक्षरांच्या जागी चौकोन दिसतील.

तीन वेळा, तीन परिस्थिती

निळ्या पडद्याचा टप्पा संपला की ‘३९ मिनिटं’ दाखवणारा पडदा येतो. सॉफ्टवेअर घुसवायच्या जागा तीन.

पहिली, १३ मिनिटं उरलेली असताना: एसव्हीसीपॅक डॉट आयएनएफ. ही हॉटफिक्ससाठी, म्हणजे विंडोजच्या सुट्या दुरुस्त्यांसाठी. नावं आठ-अधिक-तीन अक्षरांतच हवीत. प्रोग्रॅमसाठी हिच्या नादी लागू नका.

दुसरी, १२ मिनिटं उरलेली असताना: सीएमडीलाइन्स डॉट टीएक्सटी. तेव्हा कोणीही लॉग-इन केलेलं नसतं, सगळं सिस्टिम खात्याखाली चालतं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) ‘करंट यूजर’खाली केलेली नोंद डिफॉल्ट प्रोफाइलमध्ये जाते आणि पुढे तयार होणाऱ्या प्रत्येक वापरकर्त्याला मिळते. त्यामुळे सेटिंग्ज पेरायला ही जागा उत्तम. प्रोग्रॅमला ती तेवढीच गैरसोयीची आहे. ज्याला वापरकर्त्याचा डेस्कटॉप किंवा ॲप्लिकेशन डेटा लागतो तो इथे अर्धवट बसतो. एमएसआय पॅकेज (विंडोजच्या स्वतःच्या इन्स्टॉलरसाठीची फाइल) तर इथून चालवूच नका.

तिसरी, पहिल्या लॉग-इनला, डेस्कटॉप दिसायच्या आधी: रनवन्सएक्स. लोकल मशीनच्या रजिस्ट्रीत सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, रनवन्सएक्स या किल्लीखाली नोंदी करायच्या. ००, ०५, १० अशी अंतर सोडून क्रमांक-नावं द्या, म्हणजे मध्ये नवीन काही घालायला जागा राहते. किल्लीची डिफॉल्ट व्हॅल्यू म्हणजे खिडकीत दिसणारं नाव. १, २ नावाच्या व्हॅल्यू म्हणजे चालवायच्या आज्ञा.

आवृत्ती ३ मध्ये सीएमडीलाइन्सचं काम एकच: रनवन्सएक्समध्ये नोंद करणारी छोटी बॅच चालवणं. नोंदही एकच, सी ड्राइव्हवरच्या मुख्य बॅच फाइलीची. यादीची सुबक खिडकी त्यामुळे गेली, पण प्रत्येक प्रोग्रॅमचा परतावा-आकडा (संपताना तो देतो तो निकाल, शून्य म्हणजे सगळं ठीक) लॉगमध्ये लिहिता येतो. दिसण्यापेक्षा ते जास्त कामाचं.

डिस्क कुठल्या अक्षरावर

डी गृहीत धरू नका. कार्ड रीडर असलेल्या मशीनवर अक्षरं सरकतात आणि सीडी एफ किंवा जी वर जाते. बॅचमध्ये डी ते झेड फॉर-लूप फिरवून खूणफाइल शोधा. बरेच जण त्यासाठी विन-५१ वापरतात. ती प्रत्येक एक्सपी सीडीवर असते, म्हणून दोन ड्राइव्हमध्ये दोन डिस्का असतील तर फसगत होते. रूटमध्ये स्वतःच्या नावाची रिकामी फाइल ठेवा. बॅच फाइलीत लूपच्या अक्षराआधी टक्क्याची खूण दोनदा लागते, प्रॉम्प्टवर हाताने टाइप करताना एकदा.

स्विच

इन्स्टॉलर कोणत्या जातीचा आहे ते ओळखलं की निम्मं काम झालं. एक्झी फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडून ‘नलसॉफ्ट’ किंवा ‘इनो’ शोधा; ही इन्स्टॉलर बनवणाऱ्या साधनांची नावं.

नलसॉफ्टला स्लॅश एस, आणि एस मोठाच. छोट्या एसला तो जुमानत नाही, नेहमीची खिडकी उघडून बसतो. दुसरा फोल्डर द्यायचा तर स्लॅश डी आणि बरोबरचं चिन्ह, पण तो अगदी शेवटचा स्विच हवा आणि पाथमध्ये मोकळी जागा असली तरी अवतरणचिन्हं द्यायची नाहीत. सेव्हन-झिप, व्हीएलसी, नोटपॅड प्लस प्लस मोठ्या एसवर चालतात. फायरफॉक्सच्या या आवृत्तीला उणे-एमएस.

ऑडॅसिटी इनोची. व्हेरीसायलेंट, एसपी-उणे, नोरीस्टार्ट आणि सप्रेसमेसेजबॉक्सेस असे चारही द्या. नुसत्या व्हेरीसायलेंटने मुख्य खिडकी लपते, पण ‘फाइल आधीच आहे’ छापाचे प्रश्न येतच राहतात.

लिब्रेऑफिस एमएसआय. एमएसआय-एक्झेक, स्लॅश आय, फाइल, स्लॅश क्यूएन, स्लॅश नोरीस्टार्ट. चाचणीत क्यूएनऐवजी क्यूबी द्या, निदान पट्टी सरकताना दिसते.

आधीचा संपला की नाही

आवृत्ती २ मध्ये लिब्रेऑफिस दर दोन-तीन खेपांमागे एकदा गायब असायचं. परतावा १६१८, म्हणजे ‘दुसरं इन्स्टॉलेशन चालू आहे’. काही सेटअप.एक्झी नुसते दारवान असतात. आतलं एमएसआय टेंपमध्ये काढतात, ते सुरू करतात आणि स्वतः निघून जातात. बॅचला वाटतं काम झालं. ‘स्टार्ट स्लॅश वेट’ लावूनही उपयोग नाही, कारण तोही त्या दारवानाचीच वाट बघतो.

यावर तीन उपाय. जमेल तिथे आतलं एमएसआय आधीच बाहेर काढून थेट चालवा. इन्स्टॉलशील्ड या आणखी एका साधनाने बनवलेल्या जुन्या पॅकेजला स्लॅश एसएमएस जोडा, मग दारवान शेवटपर्यंत थांबतो. दोन्ही जमत नसेल तर १६१८ आल्यावर पिंग आज्ञेने अर्धा मिनिट काढून पुन्हा प्रयत्न करणारा लूप घाला. टाइमआउट ही आज्ञा एक्सपीत नाही, म्हणून पिंग.

३०१० आला तर घाबरू नका. बसलंय, फक्त रीस्टार्ट हवाय. १६०३ म्हणजे खरंच बिघडलंय, स्लॅश एल-फुली-व्ही देऊन सविस्तर लॉग काढा.

लॉगने दिलेला चकवा

बॅचमध्ये ओळ होती: एको, प्रोग्रॅमचं नाव, मोकळी जागा, टक्क्यांच्या खुणांमध्ये एररलेव्हल (शेवटचा परतावा-आकडा) आणि त्याला चिकटून दोन ‘पेक्षा मोठं’ चिन्हं, मग लॉगचा पाथ. लॉगमध्ये १६१८ आणि ३०१० च्या ओळी दिसत होत्या, शून्य देऊन विनातक्रार बसलेल्या प्रोग्रॅमांचा पत्ता नाही. वाटत होतं की बॅच त्यांच्यावरून उडी मारतेय.

कारण असं: एररलेव्हलच्या जागी शून्य आला की चिन्हाला चिकटलेला तो एकटा आकडा कमांड प्रॉम्प्ट हँडल क्रमांक, म्हणजे कोणता प्रवाह फाइलीकडे वळवायचा तो क्रमांक, समजतो. मजकूर पडद्यावर जातो, लॉगमध्ये काहीच नाही. एक आला तर ओळ लिहिली जाते, पण त्यातला १ हा आकडा गिळला जातो. चार आकडी संख्येला ही बाधा होत नाही. म्हणून फक्त चार आकडी परतावेच नोंदले जात होते. चिन्हाआधी एक मोकळी जागा सोडली आणि सगळ्या ओळी आल्या.

रीस्टार्ट

ऑटोलॉगऑन ‘येस’, ऑटोलॉगऑनकाउंट १. एखादा प्रोग्रॅम मध्येच मशीन रीस्टार्ट करून बसला तर पुढच्या खेपेला लॉग-इनचा पडदा येतो आणि उरलेली यादी तशीच अडकते. आकडा वाढवण्यापेक्षा प्रत्येकाचा रीस्टार्ट दाबून ठेवा आणि बॅचच्या शेवटी एकदाच शटडाउन उणे-आर द्या.

आयएसओ

आयएसओ, म्हणजे डिस्कची प्रतिमा, एमकेआयएसओएफएस या साधनाने बनवताना मूळ सीडीचं बूट सेक्टर, इम्युलेशन नाही, लोड साइझ ४, लोड सेगमेंट १९८४. शिवाय मोठा एन हा पर्याय हवाच. तो फाइलनावामागचं ‘अर्धविराम १’ काढतो. ते राहिलं तर बूट होतानाच ‘एनटीएलडीआर सापडत नाही’ असा संदेश येतो, आणि लोक उगाच डिस्क पुन्हा जाळत बसतात.

चाचणी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत आभासी कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्रॅम), डिस्क कंट्रोलर आयडीई. साटा एएचसीआय ठेवलात तर एक्सपीला ड्रायव्हर सापडत नाही आणि सेटअप तिथेच अडतो. उत्तरांची फाइल सारखी बदलत असेल तर ती आयएसओत घालू नका. १.४४ एमबीच्या फ्लॉपी इमेजमध्ये ठेवा, सेटअप ती तिथूनही वाचतो. दर बदलाला डीव्हीडीची प्रतिमा नव्याने बनवायचा त्रास वाचतो. आणि ३९ मिनिटांच्या पडद्यावर शिफ्ट-एफ१० दाबलं की कमांड प्रॉम्प्ट उघडतो. फाइली जागेवर उतरल्या का, नोंद झाली का, ते तिथल्या तिथे बघता येतं. विंडोज फोल्डरमधला सेटअपएरर लॉगही तिथूनच वाचा.

राहिलेलं

स्कॅनरचं पॅकेज इन्स्टॉलशील्डचं आहे. स्लॅश आरने सेटअप डॉट आयएसएस (खिडक्यांत दिलेल्या उत्तरांची फाइल) रेकॉर्ड केली, स्लॅश एसने चालवली. आधी लॉगच मिळेना. तो आयएसएसच्या शेजारी लिहिला जातो आणि डिस्कवर लिहिता येत नाही. स्लॅश एफ२ ने सी ड्राइव्हचा पाथ दिला, तेव्हा रिझल्टकोड उणे १२ दिसला: खिडक्यांचा क्रम जुळत नाही. रेकॉर्डिंग ज्या मशीनवर झालं तिथे या पॅकेजचा एक भाग आधीपासून होता, म्हणून एक खिडकी आलीच नव्हती. आता कोऱ्या एक्सपीचा स्नॅपशॉट घेऊन त्यावर पुन्हा रेकॉर्ड करायचंय, स्कॅनरची यूएसबी वायर काढून ठेवून. तोवर हे पॅकेज मुख्य बॅचमध्ये रेम लावून बंद आहे.