लिव्हर परत वाढतं ना, मग देण्यात एवढं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझ्या लिव्हरचा उजवा भाग माझ्या नवऱ्याच्या पोटात आहे हे कळलं की लोक आधी कौतुक करतात आणि लगेच म्हणतात, "पण ते परत वाढतं ना? मग काय काळजी!" लग्नाच्या पंगतीत, भिशीत, बँकेच्या रांगेत, कुठेही हा प्रश्न येतो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, त्यामुळे मी नीट उत्तर द्यायचं ठरवलं आहे.

वाढतं, हे खरं आहे. मोठ्या माणसाला द्यायचं तर बहुधा उजवा भाग काढतात, म्हणजे साधारण 60 टक्के. दात्याकडे किमान 30 ते 35 टक्के उरणार नसेल तर डॉक्टर त्याला नाकारतात. उरलेल्या भागातल्या पेशी पहिल्या आठवड्यातच भराभर वाढू लागतात आणि दोन-तीन महिन्यांत आकारमान जवळजवळ पूर्वीइतकं होतं. मात्र कापलेला भाग पुन्हा उगवत नाही, डावाच भाग मोठा होतो. पित्ताशय त्याच वेळी काढतात, ते कायमचं जातं. आयुष्यात लिव्हर एकदाच देता येतं. तीन महिने जड उचलायचं नाही, म्हणजे पाण्याची बादलीसुद्धा नाही, आणि बाईच्या घरात हे पाळणं किती अवघड असतं ते बायकांना सांगायला नको. उजवा भाग देणाऱ्यांत हजारामागे दोन ते पाच जणांचा मृत्यू होऊ शकतो, असं आम्हाला ऑपरेशनच्या आधी स्पष्ट सांगितलं होतं. आकडा छोटा आहे. पण ज्याला काहीही झालेलं नाही अशा धडधाकट माणसाला टेबलावर झोपवायचं असतं, तेव्हा तो छोटा वाटत नाही.

आणखी एक प्रश्न हळू आवाजात येतो: "दारू प्यायचे का हो?" नाही. त्याला लहानपणापासून हिपॅटायटिस-बी होता, कळलं चाळिशीत. आता त्याची लस जन्मल्या जन्मल्या सरकारी दवाखान्यात फुकट देतात. आणि दारूमुळे लिव्हर गेलं असतं, तरी त्याच्या घरच्यांना हा प्रश्न विचारू नये असं मला वाटतं.

त्याचा मेल्ड स्कोअर वाढत चालला होता. बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्याची तपासणी यांवरून हा आकडा काढतात. 6 पासून 40 पर्यंत जातो, आणि जितका जास्त तितका धोका जवळ. मृत दात्याच्या लिव्हरसाठी आम्ही प्रतीक्षा यादीत नाव घातलं होतं. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रं आहेत, ती ही यादी सांभाळतात. फोन येईल म्हणून बॅग भरून ठेवली होती. फोन आला नाही.

मग घरात तपासण्या सुरू झाल्या. लिव्हरसाठी किडनीसारखं टिश्यू जुळवत बसावं लागत नाही, रक्तगट जमला की पुढचं बघतात. थोरल्या दिरांचा गट जमला नाही. धाकट्यांचा जमला, पण त्यांच्या लिव्हरवर इतकी चरबी होती की डॉक्टरांनी नकार दिला. सासूबाईंचं वय जास्त, मुलगा अठराचा झालेला नव्हता. राहिले मी. मला कुणी एका शब्दाने म्हटलं नाही की तू दे. फक्त जो येई तो म्हणे, "हल्ली काही नाही हो, ते परत वाढतं."

म्हणून हे वाक्य मला नुसती माहिती वाटत नाही. ते बोललं जातं तेव्हा घरातल्या कुणाकडे तरी बघून बोललं जातं, आणि ती बहुतेकदा बाई असते. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायकाच बहुसंख्य आहेत. बायको देते, आई देते, बहीण देते. घेणाऱ्यांत मात्र पुरुष जास्त. ही गोष्ट कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक आहे. 2014 च्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की दाता स्त्री असेल तर जास्त काळजी घ्यावी, आणि तिची ओळख व तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या कुणाकडून तरी पडताळून घ्यावी. 2025 साली नोट्टो या राष्ट्रीय संस्थेने प्रतीक्षा यादीतल्या स्त्रियांना प्राधान्य द्यावं अशी सूचनाही काढली. मला त्या दोन्ही गोष्टी वाचून बरं वाटलं.

दानाच्या परवानगीसाठी माझी मुलाखत झाली. लग्नाचा दाखला, लग्नातले फोटो, कुटुंबाचे फोटो, सगळं बघितलं, सगळ्याचं चित्रीकरण केलं. त्याआधी एका डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला आत बसवून दार लावलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला द्यायचं नसेल तर आत्ता सांगा. आम्ही बाहेर फक्त एवढंच सांगू की तुमच्या तपासण्या जमल्या नाहीत. घरी कुणाला कधीच कळणार नाही." एवढ्या महिन्यांत मला नाही म्हणायची मोकळी वाट कुणी दाखवली असेल तर ती त्या एकट्या बाईने. मी रडले आणि हो म्हटलं. ते हो माझं स्वतःचं होतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकते. प्रत्येकीला हे सांगता येत असेल असं मला वाटत नाही.

म्हणून माझं उत्तर थोडं वेगळीकडे जातं. भारतात होणारी बहुसंख्य लिव्हर प्रत्यारोपणं जिवंत दात्यांच्या जिवावर होतात, कारण मृत्यूनंतर अवयव देणारे दहा लाख लोकांमागे वर्षाला एकसुद्धा होत नाहीत. स्पेनमध्ये हाच आकडा 40 च्या वर आहे. अतिदक्षता विभागाबाहेर एखादं कुटुंब नाही म्हणतं, तेव्हा दुसऱ्या कुठल्या तरी घरात तो प्रश्न बायकोपाशी जाऊन थांबतो.

त्या कुटुंबाला मी दोष देणार नाही. माझ्या मामेभावाच्या सासऱ्यांना मेंदूत रक्तस्राव झाला, कोल्हापूरच्या एका रुग्णालयात होते. त्याने मला रात्री फोन केला: "ताई, छाती हलतेय, अंग गरम आहे. गेले असं कसं म्हणायचं?" मी त्याला सांगितलं ते असं. कोमातला माणूस जिवंत असतो, त्याचा मेंदू काम करत असतो. मेंदूमृत माणसाचा मेंदूचा देठ कायमचा बंद पडलेला असतो, छाती हलवत असतं ते यंत्र. 1994 च्या कायद्याने हे ठरवायला चार डॉक्टर लागतात, आणि प्रत्यारोपण करणारा त्यांत कुणी नसतो. डोळ्यात प्रकाश टाकतात, बुबुळाला कापूस लावतात, कानात बर्फाचं पाणी सोडतात, घशात नळी हलवून ठसका येतो का बघतात. शेवटी व्हेंटिलेटर काढून, ऑक्सिजन चालू ठेवून, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर तरी स्वतःहून एक श्वास येतो का याची वाट बघतात. हे सगळं किमान सहा तासांच्या अंतराने दुसऱ्यांदा करतात. "तू आत जाऊन डॉक्टरांना विचार, दोन्ही वेळा काय दिसलं ते नीट समजून घे," असं मी म्हटलं.

त्याची सासू शरीराबद्दल विचारत होती. शरीर टाके घालून नीट परत देतात, अंत्यसंस्कार नेहमीसारखे होतात. परवानगी दिल्यानंतरचा अवयवांसाठीचा खर्च घरच्यांवर पडत नाही, आणि अवयवासाठी पैसे देणं वा घेणं हा गुन्हा आहे. पहाटे त्यांनी होकार दिला. लिव्हर कुणाला बसवलं ते त्यांना सांगितलं गेलं नाही, ते गुप्तच ठेवतात. मी मात्र त्या दिवशी दिवसभर विचार करत होते की कुठल्या तरी घरात आज एका बाईचं ऑपरेशन टळलं असेल.

सासूबाई आता पंचाहत्तरीच्या आहेत. परवा म्हणाल्या, "माझं म्हातारीचं कोण घेणार गं?" जिवंतपणी द्यायला त्यांचं वय आडवं आलं होतं, पण मृत्यूनंतरच्या लिव्हरला वयाची अशी पक्की रेघ नाही, सत्तरीपुढच्या दात्यांची लिव्हरंही वापरली जातात, त्या वेळी तपासून ठरवतात. नोट्टोच्या संकेतस्थळावर आधार क्रमांकाने नोंदणी होते, कागदावर करायची तर नमुना 7 भरायचा. तो भरला तरी वेळ आल्यावर घरच्यांना विचारलं जातंच, म्हणून त्यांनी रविवारी सगळ्यांना बोलावून घेतलं. थोरले दीर "आई, हे काय बोलणं" म्हणून उठून जायला निघाले, त्यांना परत बसवलं. नमुन्यावर दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक जवळचा नातेवाईक. ती सही धाकट्या दिरांनी केली.