बनगरवाडी परत वाचताना

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ही कादंबरी परत वाचली. शाळेत असताना वाचलेली, मग कॉलेजात एकदा, आणि नंतर बरीच वर्षं ती नुसती कपाटात होती. पुस्तक एवढंसं, एका बैठकीत संपणारं, पण यावेळी चांगला वेळ लागला, कारण आधी ज्या पानांवरून मी भराभर पुढे जायचे तिथेच आता पाय अडकत होता.

तेव्हा माझ्यासाठी ही गोष्ट राजाराम मास्तरची होती. पोरसवदा मुलगा, नवीन नोकरी, धनगरांची वाडी, शाळेत पोरंच नाहीत, तो एकेक करून ती गोळा करतो, गावाकडून तालीम बांधून घेतो, औंध संस्थानचे राजेसाहेब स्वतः येतात, वाचताना नुसतं भरून यायचं. आणि मग दुष्काळ पडतो, वाडी उठते, तेव्हा वाईट वाटायचं ते मास्तरचंच, की बिचाऱ्याने एवढं केलं आणि सगळं वाया गेलं.

आता मास्तर फारच लहान दिसतो हो. कुणाचातरी मुलगा दिसतो. आणि त्याच्यापेक्षा जास्त दिसतो तो म्हातारा कारभारी, ज्याचा शब्द पडतो म्हणून पोरं शाळेत येतात, ज्याच्या आधाराने हे पोर वाडीत टिकतं. त्याच्या घरातल्या अंजीच्या चोळीचा प्रसंग आठवत असेल तुम्हाला. मास्तर सरळ मनाने तिला चोळी शिवून आणून देतो आणि कारभाऱ्याचं डोकं फिरतं. पूर्वी त्या म्हाताऱ्याचा प्रचंड राग यायचा. यावेळी मी तो भाग त्याच्या बाजूने वाचला, इवलीशी वाडी, घरातली पोर, आणि ज्याला आपणच जवळ केलं त्याच्याबद्दल असं काही कानावर येणं. चूक दोघांचीही नाही आणि तरी सगळं बिनसतं. माडगूळकर कुणाची बाजू घेत नाहीत, ते मला आता फार मोठं वाटतं.

पण खरी थांबले ते वाडीतल्या शेकूपाशी. बैल एकच आहे, दुसरा नाही, शेताचं काम तर थांबत नाही, मग दुसऱ्या बैलाच्या जागी त्याची बायको स्वतः जुंपून घेते. लेखक तिथे हळहळत नाही, तुम्हाला रडा म्हणत नाही, जे दिसतं तेवढं सांगतो आणि पुढे जातो. शेवटचा दुष्काळ मला आधी अचानक कोसळल्यासारखा वाटायचा. पण एक बैल नाही म्हणून बाई औताला लागते, त्या घरात दुष्काळ आधीपासूनच होता की! बाकीच्या वाडीत तो नंतर पोचला एवढंच.

माडगूळकरांचा जन्म १९२७चा आणि कादंबरी आली १९५५ साली, म्हणजे लेखक जेमतेम २८ वर्षांचा. त्या वयात मास्तर लिहिता येईल हे मला समजतं, पण म्हाताऱ्या कारभाऱ्याचा तो राग आणि त्याखालचं दुखणं इतकं आतून कसं कळलं असेल, ह्याचं मला अजून नवल वाटतंय.

आयबूबद्दल इथे काहीच लिहिलं नाही, तो मास्तरला धरून राहणारा, ज्याच्याकडे आधी माझं धड लक्षही जायचं नाही. त्याच्यावर वेगळी पोस्ट लिहिते, दोन ओळींत उरकण्यासारखा नाहीये तो.